अक्षर आणि मत : मिसिसिपी राज्यातील मताधिकाराचा लढा



ज्यांनी या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हाती पाटी-पेन्सिल दिली, त्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. तिच्यासाठी निवडलेला आजचा विषय दूरदेशीचा असला, तरी शाळेशी त्याचे नाते अगदी निकटचे आहे. लिहितावाचता येण्याची अट घालून एखाद्या समाजाला नागरिकत्वापासून दूर ठेवता येते काय? अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात पाऊणशे वर्षे असे घडले. ती अट मोडून काढण्यासाठी तेथील कृष्णवर्णीयांना जी साधने हाताशी धरावी लागली, त्यांत शाळा हेही एक होते. त्या लढ्याची रचना समजावून सांगणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा विषय मराठी माणसाला अगदीच परका नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या कार्यात झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण करून. १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांनीच पुढे, १९४६ साली, कृष्णवर्णीयांचे ज्येष्ठ विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे करावयाच्या अर्जाच्या प्रती मागविल्या. दोन्ही समाजांचे प्रश्न एका जातीचे आहेत, ही जाणीव आपल्याकडे फार जुनी आहे.

हक्क संघराज्याचा, नोंदवही राज्याची

अमेरिकेच्या राज्यघटनेतील पंधरावी दुरुस्ती १८७० साली अमलात आली. वंश, वर्ण किंवा पूर्वीचे दास्य या कारणांवरून कोणाचाही मताधिकार नाकारता येणार नाही, असे तिने जाहीर केले. त्याच वर्षी मिसिसिपीने हायरम रेव्हल्स या कृष्णवर्णीय गृहस्थांना संघराज्याच्या सिनेटमध्ये पाठविले. त्या सभागृहात बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. पुढे १८७५ मध्ये याच राज्यातून ब्लँच ब्रूस सिनेटवर गेले. मग नव्वद वर्षांनी याच राज्यात मताच्या नोंदणीसाठी माणसे मारली जावीत, हे कसे घडले?

याचे उत्तर तेथील व्यवस्थेत आहे. आपल्याकडे घटनेच्या ३२४ व्या कलमाने निवडणूक आयोग हे एकच मध्यवर्ती यंत्र उभे केले आणि मतदारयाद्या त्याच्या देखरेखीखाली तयार होतात. यादीसाठी कर्मचारी आपल्या दारी येतो, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्याचे मोल जाणवत नाही. अमेरिकेत मात्र मतदाराची पात्रता ठरविणे आणि निवडणुका चालविणे हे प्रामुख्याने राज्यांचे काम. राज्याचे छोटे छोटे जिल्हे असतात, त्यांना काउंटी म्हणतात. नागरिकाने आपण होऊन काउंटीच्या कचेरीत जावयाचे आणि तेथील नोंदणी अधिकाऱ्यापुढे अर्ज करावयाचा. हक्क वॉशिंग्टनने दिला तरी तो मिळेल की नाही, हे त्या कचेरीतील मेजापलीकडे बसलेला माणूस ठरवीत असे. म्हणूनच हा लढा राज्याराज्यांत आणि काउंटीकाउंटीत लढावा लागला.

यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात कृष्णवर्णीयांना जे राजकीय स्थान लाभले, ते १८७५ च्या निवडणुकीत दहशत, मारहाण आणि खून यांच्या जोरावर हिरावून घेण्यात आले. परंतु केवळ दहशतीवर राज्य फार काळ चालत नाही, तिला कायद्याचे वस्त्र लागते. ते १८९० साली जॅक्सन या राजधानीच्या शहरी भरलेल्या घटना परिषदेने विणले. नव्या राज्यघटनेत वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता. मतदारावर दोन डॉलरचा ‘पोल टॅक्स’ बसविण्यात आला. घटनेचे एखादे कलम वाचता यावे, किंवा वाचून दाखविल्यास समजावे, अथवा त्याचा सयुक्तिक अर्थ सांगता यावा, अशी अट घातली गेली. विशिष्ट गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांचा मताधिकार काढून घेण्यात आला. गुन्ह्यांची ती यादीही, कृष्णवर्णीयांच्या हातून कोणते गुन्हे होतात या समजुतीवर बेतलेली होती. १८९८ मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही योजना वैध ठरविली, कारण तिच्या शब्दांत भेदभाव दिसत नव्हता.

परीक्षा घेणाऱ्याची मर्जी

‘सयुक्तिक अर्थ’ म्हणजे काय, हे ठरविणारा परीक्षक एकटा नोंदणी अधिकारी असे. १९५४ च्या दुरुस्तीने ही अट आणखी कडक झाली. आता अर्जदाराने कलम स्वहस्ते लिहून काढावयाचे, त्याचा अर्थ लिहावयाचा आणि नागरिकाच्या कर्तव्यांवर दोन शब्द लिहावयाचे. राज्यघटनेत २८५ कलमे होती. त्यांपैकी कोणते द्यावयाचे, हेही अधिकाऱ्याच्याच हाती. गोऱ्या अर्जदाराला एका ओळीचे कलम मिळे, तर कृष्णवर्णीयाला करआकारणीचा किंवा महामंडळांचा लांबलचक परिच्छेद मिळे. उत्तर चुकले तर का चुकले, हे सांगण्याचे बंधन नव्हते. पदवीधर शिक्षकही या परीक्षेत अनुत्तीर्ण होत. एखादी परीक्षा आपले नाव कायम ठेवून परीक्षा राहत नाही म्हणजे काय, हे येथे दिसते.

१९६२ साली राज्याने आणखी एक कायदा केला. अर्जदाराचे नाव स्थानिक वृत्तपत्रात दोन आठवडे छापले जाऊ लागले. वरवर ही निरुपद्रवी बाब वाटते. परंतु ज्याची जमीन, घर, उधारी आणि रोजगार सारे गोऱ्या मालकाच्या हाती, त्याचे नाव छापणे म्हणजे मालकाला वर्दी देणे होय. १९५४ साली इंडियानोला गावी स्थापन झालेल्या ‘सिटिझन्स कौन्सिल’ या गोऱ्या प्रतिष्ठितांच्या संघटनेने नोकरी काढून घेणे, कर्ज थांबविणे, माल न देणे ही शस्त्रे परजून ठेवली होती. १९५६ मध्ये खुद्द राज्य सरकारने एक आयोग नेमून नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांवर पाळत ठेवली. त्या आयोगाची दप्तरे १९९८ मध्ये जनतेला खुली झाली.

याचा परिणाम आकड्यांत सांगता येतो. १९६० च्या सुमारास राज्याच्या लोकसंख्येत सुमारे ४२ टक्के कृष्णवर्णीय होते. १९६४ साली मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी नोंदणी झालेले होते अवघे ६.७ टक्के.

संघटना कशी उभी राहिली

ही भिंत खणून काढण्याचे काम बाहेरून आलेल्या थोर पुढाऱ्यांनी केले, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सैनिक हे या कामाचे पहिले वाहक होते. क्लीव्हलँड गावचे एमझी मूर, क्लार्क्सडेलचे औषधविक्रेते अ‍ॅरन हेन्री आणि १९५४ पासून ‘एनएएसीपी’ या संस्थेचे राज्यातील पूर्णवेळ कार्यकर्ते असलेले मेडगर एव्हर्स यांची नावे प्रथम घ्यावी लागतात. १९५५ साली बेल्झोनी येथील पाद्री जॉर्ज ली आणि ब्रुकहेवन येथील लमार स्मिथ यांचे नोंदणीच्या कामापायी खून झाले. स्मिथ यांचा तर न्यायालयाच्या आवारात भरदिवसा. १२ जून १९६३ रोजी खुद्द एव्हर्स यांना घराच्या दारात गोळी घालण्यात आली. त्यांच्या मारेकऱ्याला शिक्षा होण्यास १९९४ साल उजाडावे लागले.

१९६० साली न्यूयॉर्कमधील गणिताचे एक तरुण शिक्षक, बॉब मोझेस, विद्यार्थ्यांच्या अहिंसक समन्वय समितीच्या वतीने मिसिसिपीत आले. शाळा-उपाहारगृहांतील वेगळेपण मोडण्याआधी मताचा प्रश्न हाती घ्या, असे मूर यांनी त्यांना सुचविले. मोझेस यांनी तो सल्ला मानला आणि १९६१ मध्ये मॅककोम्ब येथे नोंदणीचे वर्ग सुरू केले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांना साहाय्य करणारे शेतकरी हर्बर्ट ली यांना राज्य विधिमंडळाच्या एका सदस्याने गोळी घालून ठार केले. ते स्वसंरक्षण होते, असा निर्वाळा लगोलग देण्यात आला.

या कार्यकर्त्यांची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. मोठी सभा, मोठे भाषण, मोठा मोर्चा यांवर त्यांचा भर नव्हता. ते गावात राहावयास येत, कोणाच्या तरी घरी जेवत, संध्याकाळी ओसरीवर बसून बोलत, आणि चार माणसे तयार झाली की त्यांच्यासह कचेरीत जात. या वृत्तीच्या प्रेरणास्थानी एला बेकर या ज्येष्ठ कार्यकर्त्या होत्या. लोकांनी पुढाऱ्याची वाट पाहू नये, आपल्यातूनच पुढारी घडवावेत, हे त्यांच्या शिकवणुकीचे सार. १९६२ साली राज्यात काम करणाऱ्या निरनिराळ्या संस्थांनी एकत्र येऊन एक संयुक्त मंडळ स्थापन केले. अ‍ॅरन हेन्री त्याचे अध्यक्ष झाले आणि कामाचा भार मोझेस यांनी वाहिला. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात लेफ्लोर काउंटीने गरिबांना वाटावयाचे सरकारी धान्य बंद केले. तेव्हा कार्यकर्त्यांनी उत्तरेकडून अन्न आणि कपडे मागवून वाटले. मत आणि भाकरी यांचा संबंध त्या भागातील लोकांना सांगावा लागला नाही, तो त्यांनी पाहिला.

दुकानामागची शाळा

येथे दुसऱ्या एका राज्यातील शाळेची हकीकत सांगितली पाहिजे. सेप्टिमा क्लार्क या दक्षिण कॅरोलिना राज्यातील अनुभवी शिक्षिका. १९५६ साली, एनएएसीपीचे सभासदत्व सोडण्यास नकार दिल्याबद्दल, त्यांना नोकरीवरून काढून टाकण्यात आले. त्यांनी एसॉ जेंकिन्स आणि बर्निस रॉबिन्सन यांच्या साहाय्याने १९५७ साली जॉन्स बेटावर, एका सहकारी दुकानाच्या मागील खोल्यांत, प्रौढांचा वर्ग सुरू केला. रॉबिन्सन या व्यवसायाने केशभूषाकार. विद्यार्थ्यांना कमी लेखणार नाही अशी शिक्षिका हवी, म्हणून त्यांची निवड झाली. तेथे बाळबोध पुस्तके वापरली नाहीत. टपालाने माल मागविण्याचा अर्ज कसा भरावा, स्वतःची सही कशी करावी, नोंदणीच्या अर्जातील शब्दांचा अर्थ काय, हेच पाठ. पुढे या ‘नागरिकत्वाच्या शाळा’ सबंध दक्षिणेत पसरल्या. जी साक्षरता अडसर म्हणून आडवी घातली होती, तीच कडी उघडण्याचे साधन झाली.

या चळवळीतून घडलेले सर्वांत तेजस्वी व्यक्तिमत्त्व म्हणजे फॅनी लू हेमर. अर्धलीने शेत कसणाऱ्या कुटुंबातील हे विसावे अपत्य. वयाच्या सहाव्या वर्षापासून कापूस वेचण्याचे काम. मतदानाचा हक्क आपल्यालाही आहे, हे त्यांना १९६२ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, प्रथम कळले. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या सतरा सहकाऱ्यांसह इंडियानोला येथे गेल्या आणि परीक्षेत नापास झाल्या. त्याच संध्याकाळी मळामालकाने अर्ज मागे घे नाही तर घर सोड, असे बजावले. अठरा वर्षे ज्या मळ्यावर काम केले तो त्यांनी त्या रात्री सोडला. पुढील जानेवारीत त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. जून १९६३ मध्ये प्रशिक्षण वर्गाहून परतताना विनोना येथे त्यांना अटक झाली आणि तुरुंगात अमानुष मारहाण झाली. त्या मारहाणीच्या खुणा त्यांनी जन्मभर वागविल्या.

अभिरूप मतदान ते स्वतंत्र पक्ष

कृष्णवर्णीयांना मतदानाची इच्छाच नाही, असे राज्यातील पुढारी देशाला सांगत होते. त्यावर नोव्हेंबर १९६३ मध्ये एक अपूर्व उत्तर दिले गेले. चळवळीने स्वतःच मतपत्रिका छापल्या, चर्चमध्ये, दुकानांत पेट्या ठेवल्या आणि अभिरूप निवडणूक घेतली. गव्हर्नरपदासाठी अ‍ॅरन हेन्री, उपगव्हर्नरपदासाठी गोरे धर्मोपदेशक एड किंग. या कागदाला कायद्याच्या दृष्टीने काडीचीही किंमत नव्हती, तरी ऐंशी हजारांहून अधिक लोकांनी मत दिले.

१९६४ च्या उन्हाळ्यात उत्तरेकडील सुमारे एक हजार स्वयंसेवक, बहुतांशी गोरे विद्यार्थी, राज्यात आले. प्रारंभीच, २१ जून रोजी, जेम्स चेनी, अँड्रयू गुडमन आणि मायकेल श्वर्नर हे तिघे नाहीसे झाले. ४ ऑगस्टला त्यांचे मृतदेह एका मातीच्या बांधाखाली सापडले. तरीही काम थांबले नाही. सुमारे १७ हजार लोक नोंदणीसाठी कचेरीच्या पायऱ्या चढले. अधिकाऱ्यांनी स्वीकारले सुमारे १,६०० अर्ज. त्याच उन्हाळ्यात चाळीसेक ‘स्वातंत्र्य-शाळा’ भरल्या. तेथे मुले वाचन-गणिताबरोबर स्वतःचा इतिहास आणि राज्याची घटना शिकली.

मिसिसिपीत त्या काळी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार म्हणजेच विजयी उमेदवार, अशी स्थिती होती. त्या पक्षाच्या सभांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंद. म्हणून एप्रिल १९६४ मध्ये ‘मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी’ स्थापन झाली. तिने पक्षाच्या नियमांप्रमाणे प्रभाग, काउंटी आणि राज्य या क्रमाने सभा भरविल्या, प्रतिनिधी निवडले आणि ऑगस्टमध्ये ६८ जणांचा गट अटलांटिक सिटी येथील राष्ट्रीय अधिवेशनास धाडला. खुल्या सभांतून निवडलेले आम्ही खरे प्रतिनिधी, असा त्यांचा दावा होता. २२ ऑगस्टला हेमर यांनी समितीपुढे साक्ष दिली. ती दूरचित्रवाणीवर चालू असतानाच अध्यक्ष जॉन्सन यांनी तातडीची पत्रकार परिषद बोलावली आणि प्रक्षेपण तिकडे वळले. तथापि त्याच रात्री वाहिन्यांनी ती साक्ष पुन्हा दाखविली. अखेर दोन जागांची तडजोड पुढे आली. त्या दोघांची नावेही वरूनच ठरविलेली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारख्यांनी ती पत्करावी असे सुचविले, पण प्रतिनिधींनी ती नाकारली. राज्यातील माणसे जीव धोक्यात घालून आली होती आणि आपला प्रतिनिधी कोण हे स्वतः ठरविण्यासाठीच त्यांचा सारा खटाटोप होता.

कायदा झाल्यानंतर

मार्च १९६५ मध्ये अलाबामातील सेल्मा येथे शांत मोर्चावर झालेला हल्ला साऱ्या देशाने पाहिला आणि ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायद्यावर स्वाक्षरी झाली. या कायद्याने साक्षरतेच्या परीक्षा स्थगित केल्या, संघराज्याचे निरीक्षक काउंटीत पाठविण्याची सोय केली आणि ज्या राज्यांचा पूर्वेतिहास वाईट, त्यांना निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्यापूर्वी केंद्राची संमती आवश्यक केली. १९६७ पर्यंत मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांची नोंदणी ६.७ वरून ५९.८ टक्क्यांवर गेली. त्याच वर्षी रॉबर्ट क्लार्क हे पुनर्रचनेनंतरचे पहिले कृष्णवर्णीय आमदार निवडून आले. १९६८ च्या राष्ट्रीय अधिवेशनात हेमर अधिकृत प्रतिनिधी म्हणून बसल्या.

परंतु नोंदवही उघडल्यावर राज्याने नवी युक्ती योजिली. मत देऊ द्या, पण त्याचे वजन पडू देऊ नका. १९६६ मध्ये विधिमंडळाने काही ठिकाणी प्रभागवार निवडणुकीऐवजी सबंध काउंटीची एकत्र निवडणूक घेण्यास मुभा दिली. त्यामुळे एखाद्या प्रभागातील कृष्णवर्णीयांचे बहुमत काउंटीच्या गोऱ्या बहुमतात विरघळून जाई. काही निवडून द्यावयाची पदे नेमणुकीची करण्यात आली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, असे बदलही पूर्वसंमतीच्या कक्षेत येतात, असा निर्णय दिला. तेथून पुढील प्रत्येक लढाई प्रभागांच्या सीमारेषांवर झाली. अशा एका लढाईनंतरच १९८६ साली माइक एस्पी हे मिसिसिपीतून संघराज्याच्या प्रतिनिधिगृहात गेले.

२०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने कोणत्या राज्यांना पूर्वसंमती लागू करावयाची हे ठरविणारे सूत्रच रद्द केले. त्यामुळे ते कलम निष्प्रभ झाले. १८९० च्या घटनेतील गुन्ह्यांच्या यादीविरुद्धची याचिका २०२४ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने फेटाळली. दुसऱ्या बाजूस, गव्हर्नरपदासाठी बहुसंख्य मतदारसंघही जिंकण्याची त्याच घटनेतील अट मतदारांनी २०२० मध्ये स्वतःच काढून टाकली. राज्यात आज शेकडो कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी आहेत. तरी पुनर्रचनेच्या काळानंतर, २०२३ च्या निवडणुकीपर्यंत, सबंध राज्याच्या मतांवर निवडल्या जाणाऱ्या पदावर एकही कृष्णवर्णीय निवडून आला नाही.

आपल्यासाठी यातील बोध

इंग्रजी अमदानीत आपल्याकडेही मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर अवलंबून होता. १९२८ साली सायमन आयोगापुढे डॉ. आंबेडकरांनी सर्व प्रौढांना मताधिकार मागितला. ज्यांना शतकानुशतके शाळेच्या बाहेर ठेवले, त्यांनाच अशिक्षित म्हणून मत नाकारणे हा दुहेरी अन्याय होय, हे मिसिसिपीकडे पाहून जसे कळते तसेच आपल्या गावकुसाकडे पाहूनही कळते. १९५० च्या आपल्या घटनेने ३२६ व्या कलमान्वये ही अट मुळातच ठेवली नाही. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता होती सुमारे १८ टक्के. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदार होते, आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी पेटीवर चित्र होते. मिसिसिपीत ज्या वेळी पदवीधराला कलमाचा अर्थ विचारून परत पाठवीत होते, त्याच वेळी आपल्याकडे निरक्षर शेतमजूर मत देऊन घरी जात होता.

हे श्रेय घटनाकारांचे आहे, आपले नव्हे. आपल्याकडे राहिलेले काम लहान आहे आणि ते मिसिसिपीच्या कार्यकर्त्यांच्या कामासारखेच ओसरीवर बसून करण्याचे आहे. १९८९ पासून मताधिकाराचे वय अठरा झाले. या शाळेतून बाहेर पडणारा प्रत्येक विद्यार्थी दोन-तीन वर्षांत मतदार होण्यास पात्र ठरतो. त्याचे नाव यादीत आले की नाही, त्याच्या घरी कामाला येणाऱ्या बाईचे, गल्लीतल्या स्थलांतरित मजुराचे नाव आहे की गळाले, हे पाहण्यास माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाला वर्षातून दोन रविवार पुरतील. नाव गळालेल्या माणसाजवळ बसून त्याचा अर्ज भरून देणे, हे जॉन्स बेटावरील त्या दुकानामागच्या शाळेचेच काम होय. आमच्या गुरुजनांच्या स्मृतीस ते शोभेल.